पाणी काढायचा मान

विलोफर्डच्या मेयरसाहेबांना एके दिवशी साक्षात्कार झाला की गावची विहीर बाटते आहे. झालं! चौकातल्या विहिरीला कुंपण पडलं आणि पाटी लागली : 'पाणी फक्त गोऱ्या माणसानेच काढावे. काळ्या हाताने दोराला स्पर्श केल्यास तुरुंग.'

ही गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेतली, गुलामगिरी कायद्याने संपली त्यानंतरची. संपली म्हणजे कशी, तर काळी माणसं आता कुणाच्या मालकीची नव्हती. फक्त शाळा त्यांची नव्हती, विहीर त्यांची नव्हती, आणि समोरून गोरा आला तर रस्ताही त्यांचा नव्हता. बाकी सगळं स्वातंत्र्य होतं.

काळ्या वस्तीच्या वाट्याला लाल मातीचा गढूळ ओढा आला. बघता बघता वस्तीतली पोरं तापाने फणफणली. डोर्कस धोबिणीची नात रूथी तर डोळेच उघडेना. डोर्कस साऱ्या गोऱ्यांचे कपडे धुवायची आणि सगळे तिला 'मावशी' म्हणायचे. मावशी म्हणायला काही खर्च येत नाही. रूथीच्या काळजीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती मेयर प्रॅथरसाहेबांच्या दारी गेली.

"साहेब, नातीपुरती एक बादली काढू द्या."

"मावशी, तुझ्या हाताने पाणी बाटतं."

"याच हातांनी तुमचा सदरा धुते, साहेब. तो दिवसभर तुमच्या अंगाला असतो."

"सदऱ्याची गोष्ट वेगळी," साहेब म्हणाले. कशी वेगळी, ते काही त्यांनी सांगितलं नाही. कायदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मग डोर्कसने कायदा पाळून सगळ्यांचे कपडे ओढ्यावर धुतले. रविवारी चर्चमध्ये अख्खा गोरा गाव गेरूत बुचकळल्यासारखा तांबडा दिसत होता.

प्रॅथरसाहेब तिच्यावर धावून आले. "पुढच्या रविवारी गव्हर्नर यायचेत! माझा पांढरा सूट बगळ्यासारखा दिसला पाहिजे. विहिरीच्या दोराला हात लावायचा नाही आणि सूटवर मातीचा ठिपका दिसता कामा नये. नाहीतर तुरुंगात टाकीन."

"होईल, साहेब. तुमचा कायदा मोडायचा नाही, एवढंच ना?"

"कणभरही नाही."

शनिवारी सकाळी डोर्कसने कुंपणालगत टब मांडला. सूटला साबण चोळून ठेवला, शेजारी निळीची पुडी ठेवली आणि हाताची घडी घालून बसली. मेयरसाहेब बघायला आले.

"बसलीस काय अशी?"

"पाण्याची वाट बघतेय. साबण लावून झालाय, आता चांगल्या पाण्यातून काढून नीळ द्यायची. चांगलं पाणी या विहिरीत आहे, आणि ते गोऱ्यानेच काढायचं असं पाटी म्हणते. तेवढं काढून द्या. साबण वाळला तर डाग पडेल, मग तो जन्मात निघायचा नाही."

साहेबांनी पहारेकऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "माझं काम विहीर राखायचं. काळ्या बाईचं पाणी भरायचं नाही." समोरच्या दुकानदाराची कंबर नेमकी तेव्हाच धरली. साहेबांच्या बाईसाहेबांनी खिडकी लावून घेतली. विहीर सगळ्या गोऱ्यांची होती, दोर मात्र कुणालाच नको होता.

शेवटी प्रॅथरसाहेबांनी स्वतःच बाह्या सरसावल्या आणि दोर धरला.

"आणखी एक, साहेब. साबण अजून सुटला नाही."

वस्तीतली माणसं कुंपणाबाहेर जमली. कायद्याचं इतकं चोख पालन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गव्हर्नरांची बग्गी चौकात थांबली. रविवारचे पाहुणे शनिवारीच टपकले!

"प्रॅथर, मेयर तुम्हीच ना? मग ही बाई बसलीय आणि पाणी तुम्ही भरताय, ते कसं काय?"

प्रॅथरसाहेब घाईघाईने बाह्या खाली ओढू लागले. डोर्कस उठून उभी राहिली.

"त्यांचा कायदाच तसा आहे, साहेब. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांचं पाणी भरलं. मेयरसाहेबांना ते बघवेना. म्हणून त्यांनी तो मान गोऱ्यांना दिला आणि आम्हाला बसवून ठेवलं."

गव्हर्नरांनी पाटी वाचली आणि पोट धरधरून हसले. गव्हर्नर हसले म्हणून मेयरही हसले. गव्हर्नरांच्या गावातही अशीच एक पाटी होती, पण हसताना कुणाला घरचं आठवतं?

"माग, बाई. काय हवं ते माग."

"मला काही नको, साहेब. मेयरसाहेबांच्या हातांना फोड आलेत. त्यांच्या मागचं हे काम तेवढं काढून घ्या."

गव्हर्नर पुन्हा हसले, आणि त्या हसण्यातच पाटी उखडली गेली, कुंपणही निघालं.

डोर्कसने दोराला हात घातला. एक बादली ओढली आणि घराकडे निघाली.

"अगं, माझा सूट!" प्रॅथरसाहेब ओरडले.

"आधी रूथीचं पाणी," डोर्कस म्हणाली. "तुम्ही बसा, साहेब. दमला असाल."