भुरीच्या हिरव्या गोळ्या

भुरीला वाटलं होतं, नव्या घरी वाटीत हिरव्या गोळ्या असतील.
आईजवळ असायच्या ना, तशाच.
छोट्या छोट्या. साध्या साध्या. गवताचा वास येणाऱ्या.

पण वाटीत काय होतं?
लाल लाल चकत्या.
पिवळे पिवळे दाणे.
गुलाबी गुलाबी चांदण्या!

भुरी म्हणजे सशाचं पिल्लू. ओंजळीत मावेल एवढं. कान मात्र हे एवढे मोठे!
भुरीनं वाटीचा वास घेतला. फुस् फुस्.
गवताचा वास नाही. आईचा वास नाही.
भुरीनं वाटीकडे पाठ केली.

घरातली छोटी इरू म्हणाली, "खा ना गं भुरी! बाबांनी शहरातून आणलंय."
बाबा म्हणाले, "डब्यावर सशाचं चित्र आहे. किती छान रंग आहेत! ही खात का नाही?"
भुरी काही जेवेना.

बाबा म्हणाले, "इरू, पिल्लाला उपाशी ठेवायचं नसतं. आज नाही खाल्लं, तर उद्या हिला हिच्या आईकडे सोडून येऊ."
इरूचे डोळे भरले. रडता रडता ती भर सकाळीच चटईवर झोपली.
भुरीनं ते पाहिलं.
तिचं पोट बोललं. गुडगुड, गुडगुड.
पिंजऱ्याचं दार जरासं उघडं होतं.
भुरी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कोपऱ्यावर उस्मानचाचांचं दुकान. कोंबड्यांचे दाणे, गाईची पेंड, सगळं मिळायचं तिथं.
भुरी म्हणाली,
"चाचा, चाचा, गोळ्या द्या ना!
भुरी काही जेवेना."

चाचांनी चष्मा वर केला.
"अरे, एवढीशी पाहुणी! छोट्या सशाला लसूणघासाच्या गोळ्या. हिरव्या, साध्या. बरोबर ना? पण डबा रिकामा झालाय, बेटा. गिरणी गोळ्या पाडेल, तर मी गोळ्या देईन."

भुरी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

ओढ्याकाठी गोळ्यांची गिरणी. मोठं पोट, छोटं तोंड.
भुरी म्हणाली,
"गिरणीबाई, गिरणीबाई, गोळ्या पाड ना!
चाचा गोळ्या देईना,
भुरी काही जेवेना."

गिरणी म्हणाली, "घर्रर्र! माझं पोटही रिकामं गं. नुसती हवा दळू का? घास वाळेल, तर मी गोळ्या पाडीन."

भुरी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

शेतात लसूणघास उभा. हिरवागार. गुडघ्याएवढा. सळसळ, सळसळ.
भुरी म्हणाली,
"घासदादा, घासदादा, वाळ ना!
गिरणी गोळ्या पाडेना,
चाचा गोळ्या देईना,
भुरी काही जेवेना."

घास हसला. सळसळ, सळसळ.
"माझे पाय मातीत. मी पाणी पितोय गटागटा. असा उभ्या उभ्या कसा वाळू? मावशी घास कापेल, तर मी वाळेन."

भुरी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक... टुणुक.
जरा दमली होती.

बांधावर ठकूमावशी बसली होती. हातात विळा. पण विळा गप्प.
भुरी म्हणाली,
"मावशी, मावशी, घास काप ना!
घास काही वाळेना,
गिरणी गोळ्या पाडेना,
चाचा गोळ्या देईना,
भुरी काही जेवेना."

मावशी म्हणाली, "आगं बया! ससुली बोलायला लागली का? ऐक, बाळा. आमच्या शेतात पहिली पेंढी गाईची. तिनं खाल्ली, मगच दुसरी कापायची. माझी आई तसंच करायची, मीही तसंच करते. सकाळी टाकलेली पेंढी बघ, तशीच पडलीय. गाय पेंढी खाईल, तर मी घास कापीन."

भुरी निघाली. टुणुक... टुणुक. टुणुक... टुणुक.

गोठ्याच्या दारात चांदी गाय. पुढ्यात पेंढी. डोळ्यांत पाणी.
भुरी म्हणाली,
"गाईमाय, गाईमाय, पेंढी खा ना!
मावशी घास कापेना,
घास काही वाळेना,
गिरणी गोळ्या पाडेना,
चाचा गोळ्या देईना,
भुरी काही जेवेना."

गाय म्हणाली, "हम्मा! माझं बाळ कोपऱ्यात बसलंय. कालपासून दूध प्यायलं नाही. ते उपाशी, मग मी कशी खाऊ? वासरू उठेल, तर मी पेंढी खाईन."

भुरी निघाली. टुणुक...
टुणुक...
टुणुक.

कोपऱ्यात वासरू. पाय पोटाशी. मान खाली.
भुरीचा आवाज बारीक झाला होता. तरी ती म्हणाली,
"वासरा, वासरा, ऊठ ना!
गाय पेंढी खाईना,
मावशी घास कापेना,
घास काही वाळेना,
गिरणी गोळ्या पाडेना,
चाचा गोळ्या देईना,
भुरी काही जेवेना."

वासरू म्हणालं, "नाही उठणार."

भुरी थांबली. सगळे म्हणाले होते, हे होईल तर ते करीन.
वासरू तसं काहीच म्हणालं नाही.
आता कुणाकडे जायचं?
कुणाकडेच नाही.

भुरी वासराशेजारी बसली. अगदी चिकटून.
"का रे नाही उठणार?"
वासरू म्हणालं, "हा गोठा नवा आहे. परवाच बांधला. मला जुनाच आवडतो."
भुरी म्हणाली, "माझं घरही नवं आहे. वाटीसुद्धा नवी."
"खरंच?"
"खरंच. तिच्यात गुलाबी चांदण्या आहेत."
"ई! चांदण्या कोण खातं?"
"तेच ना!"

तेवढ्यात वर आवाज झाला.
टण्ण!
वासरानं डोळे गच्च मिटले. "ऐकलंस? वर कुणीतरी आहे. मी उठलो की ते मला धरेल."

दमलेल्या भुरीला आता पळता येत नव्हतं. वासराला ढकलता येत नव्हतं. पण तिचे कान मोठे होते ना!
ती म्हणाली, "थांब. मी ऐकते."
एक कान वर केला. दुसरा कान वर केला.
टण्ण! ... टण्ण!
भुरीनं ऐकलं. पुन्हा ऐकलं.
"वर कुणी नाही रे. पायांचा आवाज नाही. श्वासाचा आवाज नाही. वर पत्रा आहे. नवा पत्रा. ऊन लागलं, की पत्रा बोलतो."
"काय बोलतो?"
"टण्ण बोलतो. त्याला तेवढंच येतं."

वासरानं एक डोळा उघडला.
टण्ण!
वासरू म्हणालं, "टण्ण!"
भुरी म्हणाली, "टण्ण!"
दोघं हसली. दोघांची पोटं एकदम बोलली. गुडगुड, गुडगुड!

वासरानं आपल्या खालची एक वाळकी काडी ओढली. "घे. तुला."
भुरीनं काडी खाल्ली. कुरुम कुरुम. गवताचा वास!
आणि मग काय झालं?

वासरू उठलं! धडपडत, डुलत उठलं. आईला जाऊन ढुशी दिली आणि दूध प्यायलं. चुटुक चुटुक.

वासरू उठलं,
गाय पेंढी खाऊ लागली. रवंथ, रवंथ.

गाय पेंढी खाऊ लागली,
मावशी घास कापू लागली. कच् कच्, कच् कच्.

मावशीनं घास कापला,
घास वाळू लागला. कुठे? त्याच तापलेल्या पत्र्यावर! टण्ण! टण्ण! दुपारभर वाळला.

घास वाळला,
गिरणी गोळ्या पाडू लागली. घर्रर्र, टप टप टप! घर्रर्र, टप टप टप!

गिरणीनं गोळ्या पाडल्या,
चाचांचा डबा भरला. काठोकाठ!

चाचांनी गोळ्यांची पिशवी सायकलला लावली. दुकानात परत आलेल्या भुरीला पुढच्या टोपलीत ठेवलं.
ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

घरी केवढा गोंधळ! बाबा कपाटाखाली वाकलेले. इरू पलंगाखाली शिरलेली.
"भुरीऽऽ! भुरीऽऽ!"
चाचा दारातून म्हणाले, "अहो, वर या. तुमची पाहुणी माझ्या सायकलवर आहे."

इरूनं भुरीला पोटाशी धरलं.
चाचांनी रंगीत डबा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.
"चित्र बघून घेतलंत ना?"
बाबा म्हणाले, "हो. ससा होता त्याच्यावर."
"मग हे त्या चित्रातल्या सशाला घाला. ह्या सशाला घास हवा. दाणे नकोत, रंग नकोत, साखर तर मुळीच नको. छोटी आहे तोवर लसूणघासाच्या गोळ्या. मोठी झाली, की दुसऱ्या गवताच्या देऊ."
इरूनं विचारलं, "खूप खूप द्यायच्या?"
"खूप खूप वाळकं गवत द्यायचं, बेटा. गोळ्या थोड्या. आणि पाणी ताजं."
बाबांनी कान पकडले. "चुकलं बुवा माझं. मग ह्या गुलाबी चांदण्या कोण खाणार?"
इरू म्हणाली, "तुम्ही खा!"

भुरी मात्र दमली होती. फार फार दमली होती. गवताच्या ढिगात शिरली आणि झोपून गेली.

सकाळ झाली.
इरू पिंजऱ्यासमोर बसली. वाटी धुतलेली. वाटीत हिरव्या गोळ्या. छोट्या छोट्या. साध्या साध्या.
बाबा मागे उभे.
भुरी वाटीजवळ आली. वास घेतला. फुस् फुस्.
एक गोळी उचलली.
कुरुम.
दुसरी उचलली.
कुरुम कुरुम.
तिसरी, चौथी, पाचवी. कुरुम कुरुम कुरुम!
भुरी जेवली!

पोट बोललं. पण आता गुडगुड नाही. आता पोट म्हणालं, वा वा.

मग इरूनं पिंजऱ्याचं दार उघडलं. सताड उघडलं. हळूच विचारलं, "भुरी, आईकडे जायचंय? बाबा सोडतील. खरंच सोडतील. का इथं राहायचंय?"
इरूनं श्वास रोखला.
बाबांनीही श्वास रोखला.

भुरीनं दाराबाहेर पाहिलं. इकडे रस्ता. रस्त्याच्या टोकाला चाचांचं दुकान. पलीकडे गिरणी. शेत. गोठा. आणि लांबून, अगदी लांबून, मोठ्या कानांनाच ऐकू येईल असं कुणीतरी म्हणालं,
टण्ण!
पत्रा नव्हता तो. ते वासरू होतं.

भुरीनं ठरवलं.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.
आणि थेट इरूच्या मांडीत!