येन नावाड्याच्या गाठी

फार वर्षांपूर्वी, सयाम देशातल्या त्या मोठ्या नदीत नुसतं पाणी होतं, सरहद्द नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

नदीच्या वळणावर बान थासाय नावाचं गाव होतं. उंच खांबांवर उभी लाकडी घरं, घरांखाली म्हशी, वर माणसं, आणि उताराच्या टोकाला होड्यांचा धक्का. पलीकडच्या काठावर यांचीच शेतं होती, यांचेच जावई होते, यांच्याच आत्या-मावश्या होत्या. सकाळी या काठावर चूल पेटली की त्या काठावरून कुणीतरी ओरडून विचारायचं, आज काय शिजतंय.

त्या गावात खाम्पेंग नावाची सोळा वर्षांची मुलगी राहायची. ती सूत कातायची आणि घाबरायची, ही तिची दोन कामं. पाल चुकचुकली तरी दचकायची, नारळ पडला तरी दचकायची. तिकडे असं मानतात की माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात, आणि माणूस दचकला की त्यातला एखादा उडून जातो. मग घरातली मोठी माणसं त्याला हाका मारून परत बोलावतात आणि पांढऱ्या सुताने मनगटाशी बांधून टाकतात. खाम्पेंगची आई शेजारणींना सांगायची, "आमच्या पोरीत बारा-तेराच उरलेत. बाकीचे गावभर हिंडतायत."

तर एकदा, पावसाळा सरत आला होता तेव्हा, खाम्पेंग धक्क्यावर पाणी भरत होती, आणि सागाच्या ओंडक्याला मिठी मारून एक माणूस वाहत आला. ती घडा तिथेच टाकून पळाली. तो घडा फुटला, आणि त्याच्या खापऱ्या धक्क्याच्या चिखलात अजून सापडतात, असं म्हणतात. त्या माणसाची दाढी पिकलेल्या भातासारखी पिवळी होती आणि तिच्यात सात मासे अडकले होते, जिवंत, असंही म्हणतात. पाचच होते म्हणणारेही आहेत.

तो होता फरांग. गोऱ्या परदेशी माणसाला तिकडे फरांग म्हणतात. कुठल्याशा थंड देशातून तो आला होता, सागवान तोडणाऱ्यांबरोबर वर डोंगरात गेला होता, आणि तापाने फणफणल्यावर सोबत्यांनी त्याला नदीकाठी सोडून दिलं होतं. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने त्यातला येन एवढाच तुकडा ठेवून घेतला. त्यांच्या बोलीत येन म्हणजे थंड. तापल्या माणसाला बरं नाव, असं सगळे म्हणाले.

गावाने त्याला बरं केलं. भाताच्या रंगाची दाढी म्हणजे पिकाचा शकुन, अशी आवई उठली. शेजारच्या गावांतून लोक त्याला बघायला यायला लागले. गावचा मुखिया होता लुंग इन्पेंग. लुंग म्हणजे थोरला काका, तिकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात. त्याने स्वतःची चटई येनला दिली आणि स्वतः फळीवर झोपला. मग येनचे उडालेले जीव परत बोलवायचा दिवस ठरला. सगळं गाव जमलं. सूत खाम्पेंगने कातलेलं, म्हणून पहिला धागा तिनेच बांधायचा असं मठातल्या म्हाताऱ्या भिक्खूंनी सांगितलं. घाबरून तिची गाठ दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बसली, आणि घट्ट बसली.

आता त्या धाग्याचा नियम ऐका, कारण पुढचं सगळं त्या नियमावरच आहे. धागा तीन दिवस ठेवायचा. मग सोडवायचा, हाताने, कातरीने कधीच नाही. आणि परका पाहुणा गाव सोडून निघाला, तर ज्याने बांधला त्यानेच गाठ सोडवून द्यायची. नाही सोडवली तर पाहुण्याचं शरीर पुढे जातं आणि जीव गावातच घोटाळत राहतो.

येनला हा नियम कुणी सांगितला नाही.

त्याला वाटलं, बांधला तो बांधला. तीन दिवस गेले, तीन महिने गेले, तो धागा काढेना. पुढच्या वर्षी धागे बांधायच्या सणाला त्याने पुन्हा हात पुढे केला, आणि गावाने हसत हसत आणखी बांधले. दरवर्षी तसंच. धागे मनगटावरून वर चढत कोपरापर्यंत पोचले. बायका आपसात म्हणायच्या, अगं कुणीतरी सांगा या खुळ्याला. पण सांगितलं कुणीच नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना ते आवडायचं. आपल्या गाठी कुणी इतक्या जपाव्यात, असं कुणाला आवडत नाही?

गावचा नावाडी वारल्यावर येनने वल्हं उचललं. भिक्खू, बाळंतीण आणि सुतकातलं माणूस यांच्याकडून तो काही घेत नसे. बाकीच्यांनी मूठभर तांदूळ दिले तरी चालायचे, नाही दिले तरी चालायचे. पोरं त्याला लुंग येन म्हणायला लागली. तो चिकट भाताचा गोळा तीन बोटांनी वळायला शिकला, गावच्या बोलीत शिव्या द्यायला शिकला, आणि त्या चुकीच्या सुरात द्यायचा म्हणून ज्याला द्यायचा तोही हसायचा.

आणि मग तो मोठा पूर आला. पाणी घरांच्या खांबांवर चढून जमिनीच्या फळ्यांना लागलं. येनची नाव बारा माणसांची. पण असं म्हणतात की त्या दिवशी माणूस पाऊल टाकी आणि नाव वीतभर लांब होई, आणखी एक पाऊल टाकी आणि आणखी वीतभर लांब होई. अख्खं गाव तिच्यात मावलं, म्हशींसकट. खाम्पेंगचं तोवर लग्न झालं होतं, नवरा पलीकडे शेतावर अडकला होता, आणि तिचे दिवस भरले होते. नदीच्या ऐन मध्यावर तिला मुलगी झाली. बांधायला सूत कुणाकडेच नव्हतं. तेव्हा येनने आपल्या दंडाकडच्या टोकाला बांधलेला एक धागा दातांनी सैल करून सोडवला आणि त्या पोरीच्या मनगटाला बांधला. सगळ्यात शेवटी चढलेला लुंग इन्पेंग काखेत कोंबडा धरून उभा होता. तो म्हणाला, "आजपासून हा परका नाही. हे बोलतो ते नदीच्या साक्षीने." कोंबडा आरवला, असंही म्हणतात.

गोष्ट इथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

सहा वर्षं गेली. नदीच्या मुखाशी फरांगांची जहाजं आली, तोफा घेऊन. बान थासायने तोफ पाहिली नाही, आवाजही ऐकला नाही. पण एके सकाळी पलीकडच्या काठावर एक परका झेंडा दिसला आणि गावाला सांगण्यात आलं की तो काठ आता त्यांचा. शेतं गेली. जावई परदेशी झाले. आत्या-मावश्यांना भेटायला कागद लागायला लागला. आणि आज काय शिजतंय, असं विचारणारा आवाज बंद झाला.

येन म्हणाला, ते माझ्या देशाचे नव्हेत, त्यांची भाषासुद्धा मला येत नाही. हे खरंच होतं. तेव्हा लुंग इन्पेंगने जे उत्तर दिलं ते तिकडे अजून म्हणीसारखं वापरतात. तो म्हणाला, "नदीतल्या मगरी एकमेकींना वेगळ्या वाटत असतील. आम्हाला दातच दिसतात."

इथून सगळं पालटलं. एका दिवसात नव्हे, हळूहळू, दूध नासतं तसं. त्या गावात प्रत्येक घराच्या पायरीशी वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण असतो आणि त्यावर करवंटीचं ओगराळं. येन येताना दिसला की ओगराळं आत जायला लागलं. चटई मिळेना. पोरं लुंग म्हणेनात, नुसतं फरांग म्हणायला लागली. त्या सणाला त्याने हात पुढे केला, तर सूत संपलं असं सांगण्यात आलं. सूत संपलं नव्हतं. खाम्पेंगच्या टोपलीत ते होतं, आणि टोपलीवर तिने पदर घातला होता.

झेंडा लागला तेव्हा तिचा नवरा शेतावर होता, तो पलीकडेच राहिला होता. लेकीला घेऊन ती एकटी होती. गावाने उद्या आपल्याही रांजणावरून ओगराळं उचललं तर, एवढीच तिला भीती होती.

मग त्या वर्षी पाऊस रुसला, म्हशी मरायला लागल्या, आणि लोकांना आठवलं की ही भाताच्या रंगाची दाढी असतानाच पीक गेलं. जिला शकुन म्हटलं होतं, तिलाच अवदसा म्हणायला लागले. मठाच्या ओसरीवर सभा भरली. कोण म्हणालं की तो पलीकडे खबरा पोचवतो. कोण म्हणालं की पुरात नाव लांब झाली ती जादूच होती, चांगला माणूस असली जादू कशी करील? ज्यांचे जीव त्या नावेने वाचवले तेच हे बोलत होते. म्हातारे भिक्खू म्हणाले, घालवायचंच असेल तर आधी गाठी सोडवा. ते कुणी ऐकून घेतलं नाही, उद्याच त्याने जायचं असं ठरलं. मात्र तेव्हाच येनला तो नियम कळला, इतक्या वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो धक्क्यावर आला. सगळं गाव उतारावर उभं होतं. येन थेट खाम्पेंगपाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"पहिली गाठ तुझी आहे, पोरी. ती सोडव. ती सुटली की बाकीच्या सैल पडतात, असं भिक्खू म्हणाले."

खाम्पेंगने गाठीला नखं लावली. किती पावसाळ्यांचं पाणी प्यालेली गाठ ती, सुपारीसारखी कडक झालेली. ती ओढत राहिली. वरून कुणीतरी म्हणालं, "ही पण निघाली वाटतं त्याच्याबरोबर. बोचकं आणून देऊ का गं?" चार माणसं हसली. गाठ जरा हलली. खाम्पेंगला ते बोटांना कळलं, ती खरंच हलली.

आणि तेवढ्यात मागे एक नारळ पडला.

नारळच होता. पण ती दचकली, आणि हात मागे आला. एकदा मागे आला तो आलाच. चार डोळे नव्हेत, दोनशे डोळे पाठीत रुतलेले असताना तो तिला पुन्हा पुढे करता येईना.

येनने आपला हात मागे घेतला. मग तो म्हणाला, "राहू दे. घाबरलीस." आणि घाबरलेल्या माणसाजवळ घरातलं मोठं माणूस जे करतं, ते त्याने केलं. तिच्या डोक्यावरून हवेत हात फिरवला आणि त्याच्या त्या चुकीच्या सुरात हाक घातली, "ये रे जीवा, परत ये. तुझं घर इथंय." मग त्याने नाव लोटली.

पलीकडच्या शिपायांनी पाहिलं तर अनवाणी, रापलेला, लुंगी नेसलेला, कोपरापर्यंत दोरे बांधलेला माणूस. त्यांनी कागद मागितला. कागद नव्हता. ते म्हणाले, तू त्यांचा आहेस, तिकडे जा. तो परत फिरला, तर इकडे लुंग इन्पेंगने धक्क्याच्या फळ्या काढून घेतल्या होत्या. तेव्हा नाव नदीच्या मध्यावर गोल फिरायला लागली. तीन दिवस फिरत होती, असं म्हणतात. खाम्पेंग घराच्या पायरीवर बसून पाहत होती. लेक विचारायची, लुंग येन घरी का येत नाही?

चौथ्या दिवशी नाव आपली आपण काठाला लागली. आत येन नव्हता. आत होते फक्त धागे, कोपरापासून मनगटापर्यंतचे, जसेच्या तसे, बांगड्यांसारखे एकावर एक. गाठ एकही सुटली नव्हती. हात तेवढा त्यांच्यातून निघून गेला होता.

त्यानंतर कुठलीही होडी नदीच्या मध्यावर गेली की गर्रकन वळायची आणि परत गावाकडे यायची. मासा मिळेना, व्यापारी थांबेना. लोक भिक्खूंकडे गेले. भिक्खू म्हणाले, "तुम्ही बांधलंत, सोडवलं नाहीत. तो जाणार कुठे?"

मग गावाने धक्क्यावर खांब रोवला आणि त्यावर छोटं लाकडी घर बसवलं, तिकडे स्थानाच्या देवाला बसवतात तसं. आत तागाच्या पिवळ्या दाढीचा लाकडी नावाडी ठेवला. पहिली फुलं लुंग इन्पेंगने वाहिली आणि स्वतःची चटई पुन्हा एकदा आणून खाली अंथरली. होड्या सरळ जायला लागल्या.

आता नदीवर पूल आहे. तरी पावसाळा सरला की पौर्णिमेला बान थासायमध्ये येनचा सण होतो. नदीच्या मध्यावर रिकामी नाव नेऊन तीनदा फिरवतात. पाण्याने भरलेलं ओगराळं त्या लाकडी घरापुढे ठेवतात. आणि झाडून सारे त्या लाकडी मनगटाला धागा बांधतात, पीक मागतात, पोर मागतात, परदेशात गेलेल्या लेकाची खुशाली मागतात. येनबाबा कुणाला नाही म्हणत नाही, असं म्हणतात.

गावाच्या टोकाला पत्र्याच्या घरात सध्या एक म्हातारा फरांग राहतो. बायको इथलीच होती, ती वारली. तो कुठून आला ते गावाला नीटसं माहीत नाही, आणि त्याच्या रस्त्यावरच्या रांजणांवर ओगराळं नसतं. सणाला तोही येऊन रांगेत उभा राहतो. गेल्या सालापर्यंत तो हात पुढे करायचा. लोक त्याच्या खांद्यावरून हात लांबवून लाकडाला धागा बांधायचे. यंदा त्याने हात खिशात ठेवला होता.

सगळे बांधून घरी गेले की खाम्पेंगच्या वंशातली सगळ्यात म्हातारी बाई येते. खाम्पेंग जन्मभर हे करत आली, मग तिची नदीत जन्मलेली लेक, मग लेकीची लेक. ती धागा बांधत नाही. ती त्या ढिगातली एक गाठ निवडते आणि नखांनी सोडवत बसते. कधी सुटते, कधी अंधारून येतं तरी सुटत नाही. सुटली तर ती हळूच म्हणते, "जा आता."

पुढच्या पौर्णिमेला गाव पुन्हा शंभर बांधतं.