पाकळीतली वाट

अंगणं शेणाने सारवत, त्या काळातली गोष्ट. रांगोळीचा एक पत्र्याचा छाप होता. त्यात रांगोळी भरून नुसता टेकवला, की भोकांतून कमळ उमटलंच! एकदा तो गोदाकाकूंच्या बोटांना हसून म्हणाला, “एका कमळाला तुमची अर्धी सकाळ जाते. आणि एवढं करून ही पाकळी तुटकीच!”

“तुटकी नाही रे,” बोटं म्हणाली. “तिथून मुंग्यांची रांग चाललीये. त्यांना वाट सोडली.”

“हात्तिच्या, एवढंच ना?” म्हणत छापाने आपल्याही त्याच पाकळीची चार भोकं बुजवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत अंगणात टेकला. कमळ उमटलं, वाटही सुटली. तेवढ्यात पलीकडच्या पाकळीखालून डोकं बाहेर काढत एक मुंगी ओरडली, “अरे, आज आम्ही इकडून चाललोय!”