पहिला घास कोणाचा?

एका संस्थानात नदीवर दगडी पूल बांधला जात होता. परांची कोसळून दोन पाथरवट नदीत बुडून मेले, आणि पुलाचे स्थपती म्हाळोजी संतापाने धुमसू लागले. आता नवी परांची उभी राहते न राहते तोच दिवाण अंबाजीपंतांचा हुकूम आला, “माणसं चढवा!”

म्हाळोजी तडक दिवाणांकडे गेले. दिवाण जेवायला बसत होते.

“आधी वाळूची पोती चढवतो. परांचीने ती पेलली, तरच माणसं चढतील. मागच्या खेपेलाही हेच सांगत होतो.”

“पुन्हा उशीर!” दिवाण खेकसले. “परांची कोणत्या दिवशी पडणार, ते सांगा. सांगता येत नसेल, तर धोका नाही.”

तेवढ्यात रिवाजाप्रमाणे सेवकाने दिवाणांच्या ताटातला पहिला घास चाखला. ते पाहून म्हाळोजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सरकार, तुमच्या जेवणात विष कोणत्या दिवशी कालवलं जाणार?”

“मला काय ठाऊक?”

“मग धोका नाही! द्या याला हाकलून. मी आत्ता माणसं चढवतो.”

दिवाणांचा हात ताटावरच थबकला. सेवकाला जा म्हणायची काही त्यांची छाती होईना.

“चढवा पोती,” ते अखेर पुटपुटले.

दिवाण स्वतः काठावर पाहायला आले. पोती चढली आणि परांची कडाडून मोडली. काठावरचे पाथरवट एकमेकांना मिठ्या मारू लागले. म्हाळोजी मात्र दिवाणांकडे वळून कडाडले, “हीच पोती आधी चढवू दिली असती, तर ते दोघंही आज इथं उभे असते!”