दोन मुठींचा आरसा

अर्मनी आळीत खरेदीला आलात तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल, आणि तिचा थोडा रागही येईल. सांडवे बंदराच्या या चिंचोळ्या आळीत अजून हाताने ओढलेल्या चांदीच्या तारेचे काम मिळते. डाळिंबाच्या घाटाची कर्णफुले, जाळीदार कमरपट्टे, लेकीला लग्नात द्यायचे हार. पण हार पसंत करून तुम्ही मान पुढे केलीत आणि म्हणालात, ‘जरा मागचा आकडा लावून द्या,’ तर दुकानदार जागचा हलत नाही. तो दोन मुठींचा लाकडी आरसा दोन्ही हातांनी उचलतो आणि तुमच्यासमोर धरून उभा राहतो. आकडा तुमचा तुम्ही लावायचा. बायका वैतागतात. एखादी ‘एवढा कसला माज’ असे तोंडावर म्हणते. माज नाही हो. आळीच्या तोंडाशी वेलबुट्टीचा क्रूस कोरलेला दगड पाहिलात ना, त्याच्यावर हात ठेवून शुशान नावाच्या बाईने घेतलेली ही शपथ आहे, असे सांगतात.

अर्मनी म्हणजे दूर आर्मेनियातून व्यापाराला आलेली माणसे. इथे राहून ती इथलीच बोली बोलू लागली, पण हातातली कारागिरी तिकडचीच राहिली. शुशानच्या काळी आळीची रीत उलटी होती, म्हणे. भेट देणाऱ्याने दागिना आधी क्षणभर आपल्या गळ्यात घालायचा. कारागिराने मागे उभे राहून तो आपल्या हाताने अडकवायचा आणि आशीर्वाद पुटपुटायचा. मगच ती भेट. तोवर नुसती चांदी.

एका सकाळी रांगो बंदरात उतरला. समुद्रावर लूटमार करणारा हा चांचा. त्याची टोळी आळीत शिरली आणि आडवा येईल त्याला कापत गेली. गटारातून रक्त वाहून बंदराच्या पायऱ्यांपर्यंत आले. शुशानचा बाप हाकोब चांदी कुठे पुरली ते सांगेना. तेव्हा रांगोने त्याचीच ऐरण पुढे ओढली, त्याचाच हातोडा घेतला आणि त्याची बोटे एकेक करून चेचली. शेवटचे बोट उरले असताना शुशानने जागा दाखवली. रांगोने तेही बोट सोडले नाही.

लूट गलबतावर गेली. माणसांना दाराबाहेर ठेवून रांगो एकटा हाकोबच्या दुकानात परत आला आणि गिऱ्हाइकासारखा पाटावर बसला. त्याचे लग्न ठरले होते आणि व्हकलेसाठी, म्हणजे नवरीसाठी, त्याला हार हवा होता.

“व्हकलेच्या गळ्यात लुटीचो दागिनो घालूचो नाय, असा आवस सांगता,” तो शुशानला म्हणाला. “म्हणान इकत घेतंय. हार कर. तो झालो की आळयेक आग लावतंय आणि तुका गलबतार नेतंय. असलो हात हयसर कुजवूचो नाय.”

मोल म्हणून त्याने मूठभर नाणी फेकली. ती तिच्याच घरातली होती.

शुशान भट्टीपाशी बसली. चांदीच्या तारांना पीळ देताना तिने मधोमध एक लोखंडी तार घातली. लोखंड ओढताना वेगळे करकरते. कोपऱ्यात पडलेल्या हाकोबने तो आवाज ओळखला आणि तो मोठमोठ्याने कण्हू लागला. रांगोने त्याला शिव्या घातल्या, लाथा घातल्या, तसा तो आणखीच कण्हला. त्या कण्हण्यात करकर बुडून गेली.

हार झाला. रांगोने हात पुढे केला.

“तसो नको,” शुशान म्हणाली. “देणाऱ्यान आधी आपल्या गळ्यात घालूचो लागता. नायतर आमच्यात ती भेट मानीत नाय.”

आईच्या शब्दाला भिणारा तो माणूस या रीतीलाही भ्याला. त्याने मान खाली घातली. शुशान मागे उभी राहिली. तिने हाराची दोन्ही टोके सांडशीत धरली, गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि पीळ दिला. चांदी तुटली. लोखंड तुटले नाही. ते मांसात रुतत गेले, तिच्या मनगटांवरून रक्त ओघळले, आणि रांगोच्या टाचा जमिनीवर आपटून आपटून थांबल्या. आशीर्वाद मात्र तिने म्हटला नाही.

मग तिने ते धूड उंबऱ्यावर ओढत आणून टाकले. म्होरक्या पडलेला पाहून टोळीचा धीर सुटला. आळीतली उरलेली माणसे हातोडे घेऊन बाहेर आली आणि बंदराच्या पायऱ्यांवर त्यांनी एकेकाचे डोके फोडले. आळी वाचली. हाकोबही वाचला, पण त्याच्या तोंडात घास शुशानलाच भरवावा लागे.

दिवस गेले. एक कोळीण लेकीसाठी हार घ्यायला आली. हार पसंत पडला. कोळिणीने तो रीतीप्रमाणे घातला, शुशानने अडकवला, आशीर्वादही दिला. आता लेकीची पाळी. शुशान त्या मुलीच्या मागे गेली आणि तिने हात उचलले. मुलीने मान आखडून घेतली. शुशानचे हात तसेच हवेत राहिले. रांगोला मारल्याचे तिला कधीच वाईट वाटले नाही, असे म्हणतात. त्या आखडलेल्या मानेचे मात्र जन्मभर वाटले. तिने हार मुलीच्या ओंजळीत ठेवला, भिंतीवरचा आरसा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. त्याच संध्याकाळी ती दगडापाशी गेली.

आजही आळीत कुणी कुणाच्या मागे उभे राहत नाही. तुम्ही आकड्याशी झटापट करा, हवा तेवढा वेळ घ्या. दुकानदार उभा राहील. आरशात तुमचा गळा दिसेल, आणि आरशाच्या दोन्ही कडांना त्याचे दोन्ही हात दिसतील. आरसा त्यासाठीच आहे.