काळ्या मधाचा नगारा

एका राज्यात राजकन्या सुवर्चा बारा वर्षांनी परत आली. सात घाटांपलीकडच्या गुरुकुलात तिचं शिक्षण झालं होतं. तिला वाटलं होतं, वेशीवर तोरणं असतील. थोरला भाऊ शशिकेतू हत्तीवरून सामोरा येईल, आणि लहानपणीसारखा सोंगट्यांचा पट मांडून म्हणेल, "बस. बघू तरी पोथ्यांनी काय शिकवलंय." वाटभर तिने मनाशी उत्तरंही जुळवून ठेवली होती.

प्रत्यक्षात वेशीचा मोठा दरवाजा बंद होता. त्यातली माणूस वाकून जाईल एवढी लहान दिंडी किलकिली झाली. पहारेकऱ्याने तिचा चेहरा पाहिला नाही, पायांजवळची जमीन पाहिली.

"सावली आहे," तो आत ओरडला. "येऊ द्या!"

आणि शशिकेतू भेटला तो मुदपाकखान्याच्या मागच्या पायरीवर. उन्हात बसला होता, आणि पायरीवर त्याची सावली सुतळीएवढी पडली होती.

"दादा, हे काय?"

"काही नाही गं. जरा बारीक झालोय," तो म्हणाला आणि हसला. तेवढ्यात वेशीवर नगारा वाजला. त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं, आणि तो उठून चालू लागला. कुठे जातोस, असं तिने विचारलं. ते त्याला ऐकूही गेलं नाही.

त्या राज्याची हकीकत अशी होती. वेशीबाहेर एक उंच कडा होता आणि कड्यावर काळ्या माश्यांची पोळी होती. त्यांचा मध जो बोटभर चाटी, तो एक घटका आपल्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या दिवसात जाऊन बसे. घटका संपली की परत येई, पण येताना सावली थोडी कमी होऊन येई. राजा जयकेतू न्यायी होता आणि कडक होता. त्याने मधाला बंदी केली. रोज तिसऱ्या प्रहरी नगारा वाजे आणि दवंडी होई: "ऐका हो ऐका! काळा मध चाटील त्याची सावली जाईल! सावली जाईल तो वेशीबाहेर जाईल!" महिन्यातून एकदा, सकाळच्या तिरप्या उन्हात, सावल्यांची पाहणी होई. जिची सावली पडत नसे ती व्यक्ती दिंडीतून बाहेर काढली जाई, आणि तिच्यामागे दार लावलं जाई. तिच्याशी पुन्हा कुणी बोलायचं नाही, असा हुकूम होता.

पुढची पाहणी नऊ दिवसांवर आली होती.

सुवर्चा दरबारात उभी राहिली. हातपाय गार पडले होते, म्हणून तिने कमरेच्या चंचीतून एक लवंग काढून तोंडात टाकली. गुरुकुलातल्या थंडीत लागलेली ती सवय होती.

"महाराज, हे संकट मी निवारते."

"किती उपाय हवेत?"

"तीन."

"दिले. पण पाहणी टळणार नाही. माझ्या मुलासाठीही नाही."

पहिला उपाय आगीचा. सुवर्चेने पोथीत सांगितलेल्या अकरा वनस्पती आणवल्या, कड्याखाली जाळल्या, आणि दिवसभर धूर केला. संध्याकाळी माश्या उठून गेल्या. लोकांनी तिचा जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर जुनी पोळी होतीच, शिवाय नगरातल्या साठ छपरांखाली साठ नवी काळी पोळी लोंबत होती.

दुसरा उपाय शब्दांचा. "लोकांना धोका पुरता कळलेला नाही," ती म्हणाली. तिने स्वतः दवंडी लिहिली, जुन्या दवंडीहून भयंकर, आणि दिवसातून तीन वेळा नगारा वाजवायला लावला. चार दिवसांत अर्ध्या नगराच्या सावल्या विरळ झाल्या. शशिकेतूची सावली केसाएवढी उरली.

तेव्हा ती नगारखान्याच्या पायऱ्या चढून वर गेली. म्हातारा नगारची भिवबा टिपरू हातात घेऊन बसला होता.

"बाईसाहेब, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला, भिवबा."

"इथून खाली बघा. विणकर मागावर आहे, कुंभार चाकावर आहे. मध कुणाच्या ध्यानीमनी नाही. आता मी टिपरू मारतो. बघत राहा."

त्याने नगाऱ्यावर एक टोला दिला. खाली बाजारभर माना वर झाल्या. विणकराचा धोटा थांबला. कुंभाराने जिभेने ओठ पुसले आणि चाक तसंच फिरतं ठेवून तो उठला.

"मीच आठवण करून देतो, बाईसाहेब. चाळीस वर्षं देतोय. अहो, माझ्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटतं!"

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"नगारच्याला कोण विचारतं? आणि आपण दिवसाला तीनदा वाजवायला लावलंत, तेव्हा आमची कारभारीण म्हणाली, राजकन्येने मधाचं दुकान तर नाही ना काढलं?"

सुवर्चेला हसू आलं नाही. तिने राजाकडे जाऊन नगारा थांबवायला सांगितलं. राजा म्हणाला, "बंदी वाजवली नाही तर लोक समजतील, बंदी उठली. तुझे दोन उपाय झाले. तिसरा उरला. परवा पाहणी आहे."

भिवबानेच तिला पुढची वाट सांगितली. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे एक जुना बेहडा होता. त्यावर एक धनेश राही. मोठ्या वाकड्या चोचीचा, चार राजे पाहिलेला तो पक्षी माणसासारखा बोले.

"तीन प्रश्न विचारीन," धनेश म्हणाला. "तिसऱ्याचं उत्तर होईपर्यंत कमरेच्या चंचीला हात लावायचा नाही. लावलास तर हरलीस."

"एवढंच?"

"एवढंच. पहिला प्रश्न. माणूस मध का चाटतो?"

"त्याला परिणाम ठाऊक नसतो म्हणून." बोलता बोलता तिला दवंडी आठवली, आणि उत्तर तिचं तिलाच पोकळ वाटलं.

"दुसरा. सावली गेलेल्याला तुम्ही कुठे पाठवता?"

"वेशीबाहेर."

"तिथे त्याची वाट कोण पाहतं?"

"कोणी नाही. कडा आहे." ती थांबली. "माश्या आहेत."

"तिसरा. तुझा भाऊ पहिल्यांदा कड्यावर गेला, त्या दिवशी त्याच्याबरोबर सोंगट्या कोण खेळत होतं?"

सुवर्चेला जुना पट आठवला. ती गुरुकुलाला निघाली तेव्हा डाव अर्धा होता. शशिकेतू म्हणाला होता, पट मोडू नका, ती आली की पुढे खेळू. दरवर्षी त्याची पत्रं येत, आणि ती पोथ्यांत बुडालेली असे. धनेश पाहत होता. मग तिच्या जिभेला झणझणलं. तिने तोंडाला हात लावला. तोंडात लवंग होती.

"हात कधी गेला?" धनेशाने विचारलं.

"कळलंच नाही."

"तुझ्या भावालाही कळत नाही."

"म्हणजे मी हरले."

"हरलीस, म्हणून आता सांगण्यात अर्थ आहे. तुझ्या पणजोबांच्या वेळी एक जोगीण आजारी होऊन त्या दिंडीशी आली. तिसरा प्रहर होता. तिने पाणी मागितलं. पणजोबांनी दार लावून घेतलं. ती म्हणाली, 'हे दार तुम्ही माणसाच्या तोंडावर लावत राहाल तोवर माझ्या माश्या त्याला बोलावत राहतील.' त्या माश्या याच."

मग धनेशाने बेहड्याच्या ढोलीकडे चोच वळवली. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं. मध्ये बोटभर फट होती, आणि फटीतून एक चोच बाहेर आली होती. धनेशाने तिच्यात उंबर ठेवलं.

"माझी मादी आत आहे. अंडी उबवायला तिने स्वतःच दार लिंपून घेतलं. अजून महिनाभर ती कोंडलेली असेल. भिंतीने कोणी मरत नाही, राजकन्ये. फट बुजली की मरतं."

पाहणीचा दिवस उजाडला. सकाळच्या तिरप्या उन्हात सारं नगर रांगेने उभं राहिलं. शशिकेतू पुढे आला. त्याच्या पायांपाशी नुसती फरशी होती.

राजाने दिंडीकडे बोट केलं. "कायदा सर्वांना सारखा."

शशिकेतू दिंडीतून वाकून बाहेर गेला. पहारेकऱ्याने दाराला हात घातला.

"थांबा!" सुवर्चा म्हणाली. "महाराज, माझा तिसरा उपाय शिल्लक आहे."

"माग."

"आज नगारा वाजू नये. आणि दिंडी लावू नये."

"बाहेरचे लोक आत शिरतील."

"शिरू देत. आपलेच आहेत."

"आणि उद्या सगळं नगर सावलीविना झालं तर?"

"तर मलाही बाहेर काढा, आणि नगारा दिवसातून सहा वेळा वाजवा."

राजाने उंबऱ्याकडे पाहिलं. "एक दिवस," तो म्हणाला.

सुवर्चेने जुना पट आणवला आणि दिंडीच्या उंबऱ्यावरच मांडला. अर्धा पट आत, अर्धा बाहेर. बाहेरच्या बाजूला शशिकेतू बसला. बारा वर्षांपूर्वीचा डाव त्याला सोंगटी न् सोंगटी पाठ होता.

तिसरा प्रहर आला. नगारा वाजला नाही. पण अंगाला वेळ ठाऊक होती. शशिकेतूच्या कपाळावर घाम फुटला, हातातल्या कवड्या खुळखुळू लागल्या.

"सुवू, मी जाऊन येतो. फक्त एक बोट."

"जा. पण तुझी पाळी आहे. कवड्या टाकून जा."

त्याने टाकल्या. मग तिने टाकल्या, आणि पुन्हा त्याची पाळी आली. तो दोनदा उठला आणि दोनदा बसला. तिसऱ्यांदा मात्र तो कड्याच्या वाटेला लागला. दहा पावलं गेला. सुवर्चेने त्याला शपथ घातली नाही, उपदेश केला नाही. तिने नुसती हाक मारली:

"दादा, तुझी पिवळी मेली बघ!"

तो गर्रकन वळला. "कुठे? दाखव! खोटारडी, माझी पिवळी घरात होती!"

"नव्हती."

"होती! बारा वर्षं होती!" तो येऊन धपकन बसला आणि भांडू लागला.

आरडाओरडा ऐकून कड्याखालची सावली नसलेली माणसं भोवती जमली. कोणी म्हणालं, काळी पुढे घ्या. कोणी म्हणालं, युवराजांना कवड्या टाकता येत नाहीत. आतल्या बाजूने एका विणकराची बायको पुढे आली. गर्दीत तिला दोन वर्षांपूर्वी बाहेर काढलेला आपला नवरा दिसला. तिने हुकूम आठवला, राजाकडे पाहिलं, आणि तरीही विचारलं, "जेवलात का?"

प्रहर सरला. ऊन कललं. शशिकेतूने सोंगटी उचलायला हात पुढे केला, आणि पटावर त्याच्या बोटांची सावली पडली. फिकट होती, पण पाचही बोटांची होती.

त्याच वेळी कड्यावरून आणि साठ छपरांखालून माश्या उठल्या. काळा ढग नगरावरून गेला आणि सात घाटांपलीकडे दिसेनासा झाला. शाप फिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने दिंडीपाशी राजमुद्रा सुवर्चेच्या हाती ठेवली. कड्यावरची पोळी वाळून कागदासारखी झाली होती. बाहेरची माणसं घरोघर परतली होती.

"संकट गेलं, लेकी. आता दिंडी लावून घ्यायला हरकत नाही," राजा म्हणाला.

"आणि नगारा काय वाजवू?" भिवबाने विचारलं. "विजयाचा ना?"

तेवढ्यात शशिकेतू आला. त्याची मान खाली होती. "माश्या गेल्या, पण घरातली मडकी आहेत," तो म्हणाला. "पहाटे मी एकात बोट घातलं. कुणी सांगण्याआधी मीच सांगायला आलोय."

 राजाने फरशीकडे पाहिलं. शशिकेतूची सावली होती. कालच्यापेक्षा थोडी फिकट, पण होती. सुवर्चेला जिभेवर झणझणीत चव जाणवली. लवंग केव्हा तोंडात गेली, ते आजही तिला कळलं नव्हतं. तिने ती सावकाश चावली.

"भिवबा, नगारा उतरवा. दादा, तिसऱ्या प्रहरी पट उंबऱ्यावर मांड, आजही आणि रोजच," ती म्हणाली. मग पहारेकऱ्याकडे वळली.

"आणि सुताराला बोलवा. हे दार बिजागरीतून काढायचं आहे."