सगुण ताऱ्याची धाव

फार वर्षं झाली बघा. आमच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. अलीकडे हळदणे, म्हणजे आमचं गाव, ते संस्थानच्या राज्यात. पलीकडे सावरें, ते फिरंग्याच्या राज्यात. मध्ये ओहोटीला वाळूची एक पुळण उघडी पडायची, ती कोणाच्याच राज्यात नव्हती. त्या पुळणीवर दर शिमग्याला दोन्ही गावांची क्रिकेटची मॅच व्हायची आणि भरतीचं पाणी आलं की संपायची. दोन राज्यांची मॅच! म्हणजे आमचा जो गडी तिच्यात खेळला, तो आंतरराष्ट्रीय खेळाडू. हसताय काय? तुमचे टीव्हीतले वेगळं काय करतात?

आणि सगळ्यांत जास्त वर्षं खेळला तो सगुण तारी. होडीवाला. खाडीकाठी कोणालाही विचारा, त्याची गोष्ट सांगेल. पण मी झिलू गावकराच्या घरची नातसून. झिलू म्हणजे सगुणाचा शेजारी, मध्ये नुसतं एक कुंपण. या घरात आले तेव्हा अंगावर दागिने बेताचेच पडले, सगुणाचा हेवा मात्र भरभरून वाट्याला आला. तेव्हा मी सांगणार ते कुंपणाच्या आमच्या बाजूनं. चालत असेल तर बसा.

आमच्या गावाच्या अकरा वाड्या. म्हणून वाडीमागे एक गडी, झाली टीम. मॅचच्या आधी पुळणीवर नारळ ठेवून रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागायचं, त्यात अकरांची नावं घ्यायची. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य बोलणार आणि सगळा गाव मान खाली घालून म्हणणार, "व्हय म्हाराजा!" एकदा देवाच्या कानावर नाव गेलं की तो गडी आपणहून "पुरे" म्हणेपर्यंत त्या वाडीतला दुसरा कोणी खेळायचा नाही. सगुण आणि झिलू एकाच वाडीचे, एकाच वयाचे. सगुणाचं नाव आधी गेलं. झिलूचं राहिलं ते राहिलंच. आणि गाऱ्हाणं घालायचा मान कोणाचा? गावकरांचा! म्हणजे दर वर्षी सगुणाचं नाव देवापुढे घ्यायचं ते झिलूनंच. काय म्हणावं या नशिबाला?

झिलूनं फणसाच्या लाकडाची बॅट केली होती. दर शिमग्याला तिला खोबरेल लावायचा, पुळणीवर न्यायचा आणि तशीच परत आणायचा. त्याला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, त्या पुळणीवर दुसऱ्या राज्याच्या माणसाचा चेंडू आपल्या बॅटीवर घ्यायचा. सगुण शिंकला की आमच्या घरी दिवाळी. होडी ओढताना त्यानं कंबर धरली की झिलू कुंपणाशी हजर.

"सगुणा, गुडघे काय म्हणतत रे?"

"मस्त आसत!" सगुण म्हणायचा. वाईट मनानं नाही हो. खरंच मस्त होते मेल्याचे.

असं करत दोघांचेही केस पिकले. तरी सगुण "पुरे" म्हणेना. एका शिमग्याला तो पुळणीवर झिलूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झिलू, फुडच्या वर्षाक बघूया हां." झालं! झिलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नारळापुढे उभा राहून त्यानं अकरा नावं घेतली आणि वर ठणकावून म्हणाला, "आणि बा रवळनाथा, ह्या सगुणाक म्हातारपण म्हणून येवचा नाय! सगळ्या गावान काठी धरूंदे, पण ह्येच्या हातातली बॅट सुटूची नाय, असा कर रे म्हाराजा!"

टोमणा होता तो. पण गाव माना खाली घालून उभा, ऐकतोय कोण? सवयीनं सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

देवाला टोमणे कळत नाहीत. गाव हो म्हणालं, त्यानं हो केलं.

त्या दिवसापासून सगुणाचे केस पुन्हा काळे होत गेले, असं म्हणतात. चेंडू त्याच्यापाशी येताना हळू व्हायचा, शिवणीचे टाके मोजून घ्यावेत इतका हळू, असंही म्हणतात. एकदा त्यानं असा फटका मारला की चेंडू थेट फिरंग्याच्या हद्दीत पडला आणि तिथल्या शिपायानं त्यावर जकात मागितली. सावऱ्याचे बोलर म्हातारे झाले, त्यांची मुलं टाकायला आली, मग नातवंडं आली. सगुण आपला उभाच. दर वर्षी आम्ही जिंकायचो. गाव खूष, आणि आमचा झिलू कडेला काठी टेकून, मांडीवर तेल लावलेली बॅट. पोटात नुसता जळफळाट. आणि कोणाला सांगणार? वर मागितलेला त्यानंच!

मग एका वर्षी बोलवा उठली की फिरंगी आता जातो. पलीकडचा मुलूख देशात येणार. म्हणजे ही शेवटची मॅच. पुढच्या शिमग्याला दोन राज्यं कुठली, आणि आंतरराष्ट्रीय तरी कुठलं? झिलूला जेवण जाईना.

मॅचच्या दिवशी सकाळी सगुण कुंपणाशी आला. काळ्याभोर केसांचा, सरळ पाठीचा. आणि रडत होता.

"झिलू, माका तुझो हेवो वाटता रे," तो म्हणाला. "तुझे दात पडले, तुका नातू हात धरून चलवतत. माझी बायल गेली, माझो पोटचो झील माझ्यापेक्षा म्हातारो दिसता. दर वर्षाक पुरे म्हणूक जातंय, तर तोंडातून शब्द येणा नाय, हातातली बॅट सुटणा नाय. गाऱ्हाणा तू घातलंस, तूच काढ."

जन्मभर झिलू ज्याच्यावर जळला, तोच आता झिलूवर जळत होता!

"काय म्हणालंस?" झिलू म्हणाला. "परत एकदा म्हण."

सगुणानं परत म्हटलं. झिलूनं ते तिसऱ्यांदाही म्हणवून घेतलं, असं म्हणतात, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

पुळणीवर नारळ ठेवला. झिलूनं गाऱ्हाणं घातलं, "बा रवळनाथा, तेव्हा मी जळफळाटान बोललंय. ह्या सगुणाचा म्हातारपण ह्येका परत दी, आणि वाडीचो गडी म्हणून आज माझा नाव घे रे म्हाराजा!"

या वेळी गावानं नीट ऐकलं. आणि एक तोंड उघडेल तर शपथ! दर वर्षी जिंकून देणारा गडी कोण सोडतो? सगळे आपापल्या पायांकडे बघत गप्प. सगुणानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पुळणीच्या पलीकडच्या टोकाकडून दणदणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सावऱ्याची अख्खी टीम! तीन पिढ्या ज्याला आऊट करता आलं नाही, तो जातोय म्हटल्यावर बेंबीच्या देठापासून ओरडले. रवळनाथ तर दोन्ही काठांचा. त्यानं ऐकलं.

सगुणाच्या हातातली बॅट गळून पडली. बघता बघता केस पांढरे झाले, पाठ वाकली, आणि तो वाळूत बसून लहान मुलासारखा हसायला लागला.

झिलू फणसाची बॅट घेऊन उभा राहिला. चेंडू आला आणि बॅटीला लागला. कसा लागला ते विचारू नका, लागला. पण आता पळायचं कोणी? काठीशिवाय झिलूचं पाऊल उचलत नव्हतं. तेव्हा सगुण उठला. "तू ऱ्हव थयच, मी पळतंय!" म्हणाला आणि आपली जुनी बॅट टेकत टेकत निघाला. सावऱ्याचा गडी चेंडू हातात घेऊन उभा राहिला, पण फेकला नाही. एक धाव झाली. मॅच आम्ही हरलो. गाव मात्र नाचत होतं आणि ओरडत होतं, "सगुण! सगुण!"

बघा आता! चेंडू मारला आमच्या माणसानं.

आज खाडीवर पूल आहे, तरी दर शिमग्याला पुळणीवर मॅच होते. गाऱ्हाण्यातलं प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, आणि नीट ऐकल्याशिवाय कोणी व्हय म्हणत नाही. पहिला चेंडू गावातला सर्वांत म्हातारा माणूस मारतो, त्याच्यासाठी दुसरा म्हातारा पळतो, आणि चेंडू कोणी फेकत नाही. त्या धावेला म्हणतात सगुण ताऱ्याची धाव. झिलूची नाही हं. माझा अजून संताप होतो.

पण हल्ली आमच्या वाडीतून माझा मुलगा खेळतो. बरीच वर्षं झाली, "पुरे" काही म्हणत नाही. कुंपणापलीकडे सगुणाचा पणतू बॅटीला तेल लावून बसलेला असतो. काल माझा मुलगा अंगणात शिंकला, तर लगेच त्या पोराच्या आईची मान कुंपणावर.

"पडसा झाला काय गो तुझ्या झिलाक?"

"नाय गो," मी म्हटलं, "मस्त आसा!"

आणि खरं सांगते, जिवाला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!